घाटात १०४ अंश: घाबरायचं कशाला, आकड्याला की बाटलीला?

प्रश्न असा आहे. २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक, ८४ हजार किलोमीटर झालेली. मालकांनी ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावायचं ब्लूटूथ यंत्र घेतलं, मोबाइलवर कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान बघायला लागले आणि झोप उडाली. सपाट रस्त्याला ८८ ते ९२, सिग्नलला ९८-९९, आणि चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना १०४. डॅशबोर्डवरचा काटा मात्र सगळा वेळ मध्यावर. एका मेकॅनिकने सांगितलं, "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडच्या हवेत त्याची गरज नाही." त्यांना विचारायचंय की १०४ धोक्याचं का, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) काढावा का, आणि कूलंटऐवजी घरच्या फिल्टरचं पाणी चालेल का, कारण "तसंही दर दोन महिन्यांनी अर्धा लिटर वरून ओतावंच लागतं."

मी कराडला अठ्ठावीस वर्षं गॅरेज चालवतोय. कुंभार्लीतून तापून आलेल्या गाड्या हा आमचा दर उन्हाळ्याचा धंदा आहे. तुमचं १०४ वाचून मला काही वाटलं नाही. शेवटचं अर्ध्या लिटरचं वाक्य मात्र मी दोनदा वाचलं. त्यावर येतोच, आधी आकड्याचं बघू.

आपल्या डोक्यात पाणी १०० अंशांना उकळतं हे शाळेपासून पक्कं बसलेलं असतं, म्हणून १०४ दिसलं की पोटात गोळा येतो. पण ते उघड्या पातेल्यातलं पाणी. गाडीची यंत्रणा बंद असते, कुकरसारखी. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला दिसेल. आत किती बार दाब धरायचा तो आकडा. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा ११९ अंशांच्या आसपास उकळतं, आणि निम्मं कूलंट निम्मं पाणी असं मिश्रण असेल तर सव्वाशेच्या पुढे. म्हणजे १०४ ला तुमच्या हातात अजून पंधरा-वीस अंश शिल्लक असतात. अट एकच, झाकण दाब धरणारं हवं. त्याचं रबर फाटलं की कुकरची शिट्टी काढून डाळ शिजवण्यासारखं होतं. वर चढलं की बाहेरच्या हवेचा दाबही कमी होतो. महाबळेश्वरला उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं, लेहला साधारण ८८ ला. खराब झाकणाची गाडी गावात वर्षभर बिनतक्रार चालते आणि नेमकी घाटमाथ्यावर वाफ सोडते, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच. झाकण दोन-चारशे रुपयांत येतं आणि आपण ते शेवटी बदलतो.

आता तुमचे बाकीचे आकडे बघा. थर्मोस्टॅट साधारण ८२ किंवा ८८ अंशांना उघडायला लागतो आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडतो. सपाट रस्त्याला तुम्हाला ८८ ते ९२ दिसतं, म्हणजे तो त्याचं काम करतोय. सिग्नलला समोरून वारा नाही, तापमान वर सरकतं, ९८-१०० च्या सुमारास पंखा लागतो, ९३-९४ पर्यंत खाली आणतो आणि बंद होतो. काही गाड्यांत पंखा १०५ लाही लागतो, कंपनीनेच तसा ठेवलेला असतो. घाटात इंजिनाचं काम दुप्पट, गाडीचा वेग निम्मा, पुढे ट्रक, वर एसी चालू. अशा वेळी १०४ नाही दिसणार तर काय दिसणार?

म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, तो परत कसा उतरतो ते बघा. घाट संपून हेळवाकच्या बाजूला लागलात की चार-पाच मिनिटांत तो ९२-९३ वर यायला हवा. येत असेल तर यंत्रणेत दम आहे. १०४ ला चढला आणि सपाटीलाही शंभराच्या खाली येईना, किंवा गेल्या वर्षी ह्याच घाटात ९९ दिसायचं आणि आता १०४ दिसतं, तर रेडिएटर हळूहळू हात टेकतोय. ११० च्या पुढे जाऊन चढतच असेल तर गाडी बाजूला घ्या. बहुतेक गाड्यांचा लाल दिवा ११५ ते १२० च्या दरम्यान लागतो. तो लागेपर्यंत थांबणं म्हणजे गाईने शेत खाल्ल्यावर कुंपण घालणं.

काटा मध्यावर का राहतो? कारण तो तसाच बसवलाय. ७५-८० पासून १०५-११० पर्यंत तो जागचा हलत नाही. जुन्या गाड्यांचा काटा खरा हलायचा, पंखा लागला-बंद झाला की तोही वरखाली. लोक घाबरून सर्व्हिस सेंटरला यायचे, मग कंपन्यांनी काट्याला गप्प बसवला. बऱ्याच छोट्या गाड्यांत तर काटाच काढून टाकलाय. गार असताना निळा दिवा आणि तापली की लाल, मधलं काही नाही. तुम्ही ओबीडी लावलंत ते चांगलंच केलंत. फक्त दोन गोष्टी. कधी उणे ४० दिसलं तर सेन्सरची वायर सुटलीय असं समजा, गाडी लडाखला गेलेली नाही. आणि यंत्र कायम लावून ठेवू नका, गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी बसू शकते.

थर्मोस्टॅटचं. तुमच्या मेकॅनिकला मी नावं ठेवणार नाही, कारण सुरुवातीच्या काळात मी स्वतः कित्येक काढलेत. आमचे उस्ताद सांगायचे, "हे थंड देशाचं कौतुक आहे, काढ आणि फेक." तेव्हाच्या कार्बोरेटरच्या गाड्यांना ते खपून जायचं. आजच्या इंजिनाला नाही. थर्मोस्टॅट नसला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतो, तापमान ७० च्या वर जायला तयार नसतं. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला वाटतं इंजिन अजून गारच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी ०१२८ हा कोड येतो, म्हणजे कूलंट हवा तेवढा तापत नाही. बीएस ६ डिझेल असेल तर आणखी वाईट. इंजिन तापल्याशिवाय धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळण्याचं चक्रच सुरू होत नाही, फिल्टर चोक होतो आणि त्याचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

आणि गंमत अशी की काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी उलट जास्त तापते. तिथे थर्मोस्टॅटला दुहेरी काम असतं. रेडिएटरची वाट उघडताना तो मागच्या बाजूची आडवाट बंद करतो. तोच काढला तर निम्मा कूलंट रेडिएटरला न जाता आडवाटेनेच इंजिनात परत येतो, आणि घाटात नेमका तोच निम्मा हवा असतो.

थर्मोस्टॅटवर शंका असेल तर तपासणं अगदी सोपं आहे. आमच्याकडे शेगडीवर एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं त्यासाठीच ठेवलेलं आहे. पाण्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. त्याच्या पितळी कडेवर ८२ नाहीतर ८८ कोरलेलं असतं. पाणी त्या आकड्याजवळ आलं की मधली चकती केसभर उचलली जाते, आतलं मेण वितळून फुगतं त्याने. पाणी उकळेपर्यंत ती चांगली सात-आठ मिलिमीटर उघडायला हवी. थर्मोस्टॅट पाण्याबाहेर काढला की चकती पुन्हा घट्ट बसली पाहिजे. अर्धवट उघडला, अडकला, की नवा टाकायचा, कंपनीच्याच अंशांचा. स्वयंपाकघरातलं पातेलं मात्र वापरू नका. थर्मोस्टॅटला कूलंट लागलेला असतो आणि तो विषारी आहे.

विषारी म्हटलं तर जरा तिथेच थांबतो. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं सांडलेलं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. आमच्या गॅरेजच्या दारातलं एक कुत्रं असं गेल्यापासून काढलेला कूलंट मी कॅनमध्ये भरतो, झाकण लावतो आणि जळक्या ऑइलच्या शेजारी वेगळा ठेवतो. गटारात तर सोडूच नका.

आता पाणी की कूलंट. कूलंट नाव असलं तरी गार करण्यात तो पाण्याच्या मागेच आहे. साधं पाणी जेवढी उष्णता वाहून नेतं त्यापेक्षा निम्म्या-निम्म्या मिश्रणाची ताकद पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी असते. मग टाकायचा कशाला? गंज लागू नये म्हणून, ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि रेडिएटर आतून खाल्लं जाऊ नये म्हणून, वॉटर पंपाच्या सीलला वंगण मिळावं म्हणून आणि उकळबिंदू वर जावा म्हणून. न गोठण्याचा गुण आपल्याला महाराष्ट्रात लागत नाही, हिमाचल-लडाखला जाणाऱ्यांना लागतो. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३५ च्या खालीसुद्धा तग धरतं.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये काय करतं ते बघायचं असेल तर घरच्या गिझरची कॉइल आठवा. तो पांढरा दगडी थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि त्या नळ्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद असतात. तीन-चार वर्षं बोअरचं पाणी प्यालेला एक रेडिएटर मी आडवा कापून भिंतीवर लावलाय. खालच्या तिसऱ्या भागातल्या नळ्या खडूने भरल्यासारख्या बंद. गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही, तो तुकडा दाखवला की पटतं. फिल्टरच्या पाण्यात क्षार कमी असतात हे खरं, पण गंजरोधक काहीच नसतं, आणि दर वेळी तुम्ही ते ओतता तेव्हा आतला उरलासुरला कूलंट आणखी पातळ होतो. दोन महिन्यांनी अर्धा लिटर हा हिशेब धरला, तर वर्षभरात तीन लिटर पाणी गेलं. तुमच्या गाडीची सगळी यंत्रणाच चार-पाच लिटरची. म्हणजे आज तुमच्या इंजिनात नावाला रंग आहे, कूलंट नाही. रस्त्यात अडलात तर बाटलीबंद पाणी ओतून घरी या, त्याला हरकत नाही. पण घरी आल्यावर ते काढायचं.

आता तो अर्धा लिटर. ही बंद यंत्रणा आहे. पेट्रोल संपतं, ऑइल थोडं जळतं, वायपरचं पाणी संपतं. कूलंट संपत नाही. नवीन भरल्यावर आतली हवा निघून पातळी एकदा थोडी उतरते, वर्षभरात बोटभर उतरली तरी मी सोडून देईन. दोन महिन्यांत अर्धा लिटर म्हणजे तो कुठेतरी जातोय. जाण्याच्या वाटा दोनच: बाहेर, नाहीतर इंजिनाच्या आत.

ह्याला मी इतकं का धरून बसलोय ते एका गाडीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एक कुटुंब कोकणातून परत येत होतं. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्याला दगड लागून चीर गेलेली, कूलंट रस्ताभर सांडत आलेला. घाटाच्या मध्यात काटा वर सरकला आणि मग हळूच खाली आला. चालवणाऱ्याला वाटलं, चला, गार झाली. खरं काय झालं होतं? कूलंटची पातळी सेन्सरच्या खाली गेली होती. सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कोरडा पडला की भोवतालच्या हवेचं काहीतरी सांगत बसतो. काटा मध्यावर, इंजिन भाजतंय. माथ्यावर गाडी बंद पडली ती पडलीच. मी हेड उतरवलं तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधलं गॅसकेट, म्हणजे हेड आणि ब्लॉक ह्यांच्या मधली पातळ सीलची पट्टी, जळून काळं पडलेलं होतं. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) सरकवलं, ०.०५ मिलिमीटरची पातळ पाती अडली तर हेड चांगलं. इथे ०.२ ची पाती लोण्यातून जावी तशी आरपार गेली. हेड लेथवर गेलं, खर्च पाच आकडी. मूळ कारण एक दगड आणि न बघितलेली कूलंटची बाटली.

म्हणून मोबाइलवरचा आकडा अचानक ९५ वरून ७० झाला, किंवा उड्या मारायला लागला, तर खूश होऊ नका. ते १०४ पेक्षा वाईट लक्षण आहे. दुसरी खूण एसीच्या हीटरची. इंजिन तापलेलं असताना हीटर लावला आणि त्यातून गार हवा आली, तर हीटरपर्यंत कूलंट पोचत नाहीये.

गळती शोधायला सुरुवात सकाळी करा, गाडी रात्रभर उभी असताना. बाटलीवर कमाल-किमान खुणा असतात, पातळी त्यांच्या मध्ये हवी. पण बाटली बघून थांबू नका. तुमच्या गाडीत रेडिएटरला स्वतःचं झाकण असेल तर तेही उघडून बघा, गार असतानाच. आत द्रव काठोकाठ दिसला पाहिजे. झाकणाची आत खेचणारी छोटी झडप खराब झाली असेल तर गरम झाल्यावर कूलंट बाटलीत जातो आणि गार झाल्यावर परत येत नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं मी कित्येकदा पाहिलंय. कधी वरचा होज पाइप सकाळी चपटा झालेला दिसतो, तीही त्याच झडपेची खूण. ज्या गाड्यांत झाकण थेट बाटलीवरच असतं आणि ती बाटलीच दाबाखाली असते, तिथे हा प्रश्न येत नाही, तिथे बाटलीच तडकते.

गरम असताना झाकण उघडायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. कामाला लागून दुसरं वर्ष, गिऱ्हाईक घाईत, मी फडकं धरून पाव आटा फिरवला. डाव्या कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी अजून वेगळ्या रंगाची आहे.

मग टॉर्च घ्या. कूलंट वाळला की मागे रंगीत कवच ठेवतो, हिरवट, गुलाबी किंवा पांढरट, मिठासारखं. होज पाइपांच्या क्लिपांपाशी बघा. रेडिएटरची वरची-खालची टाकी प्लास्टिकची आणि मधली जाळी ॲल्युमिनियमची असते. ती दोन्ही जिथे दुमडून जोडलीत त्या कडेने बोट फिरवा. आठ-दहा वर्षांच्या गाडीत मी पहिली शंका तिथेच घेतो, आणि तुमची गाडी त्याच वयाची आहे. नंतर वॉटर पंप, म्हणजे आमच्या भाषेतली वॉटर बॉडी. तिला खाली मुद्दाम एक छोटं भोक ठेवलेलं असतं. सील गेलं की तिथून थेंब येतो. काही हुशार लोक ते भोक एमसीलने बुजवतात. मग तेच पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि पंप अडकतो. पंप टायमिंग बेल्टवर चालणारा असेल तर बेल्ट बदलताना पंपही बदलून घ्या, मजुरी एकदाच लागते.

डाव्या सीटच्या पायाखालची चटई ओली असेल तर वास घ्या. एसीचा ड्रेन चोक झाला तरी तिथे पाणी येतं, पण ते साधं पाणी. बोटाला बुळबुळीत लागलं, गोडसर वास आला आणि काचेवर आतून चिकट धुकं धरत असेल तर हीटरची जाळी फुटलीय. सीएनजी बसवलेली गाडी असेल तर आणखी एक जागा वाढते. गॅसचा दाब उतरताना रेड्यूसर गोठू नये म्हणून त्याला गरम कूलंट दिलेला असतो. तिथले टी-जोड आणि बारके पाइप गळतात. रेड्यूसर आतून फुटला तर गॅस कूलंटमध्ये शिरून बाटलीत बुडबुडे येतात, आणि हेड गॅसकेट उडालं समजून लोक इंजिन उघडतात. आधी पेट्रोलवर चालवून बुडबुडे थांबतात का बघा. फुकटची तपासणी आहे.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर गॅरेजला जा आणि प्रेशर टेस्ट मागा, शब्द वापरून मागा. झाकणाच्या जागी हातपंप लावायचा, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. पंपावरचा काटा पडला नाही तर बाहेर गळती नाही. पडला तर बहुतेक वेळा कुठेतरी ओल दिसते. ह्याच उपकरणावर झाकणही तपासून होतं.

काटा पडतोय पण बाहेर ओल नाही, तर मग शंका आतल्या वाटेची. हेड गॅसकेट. ह्याची घरगुती खूण अशी: रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज सकाळी दाबून बघा. मऊ लागला पाहिजे. सकाळच्या गारव्यात तो टणक लागला तर सिलिंडरमधला दाब कूलंटमध्ये शिरतोय. गाडी चालू केल्यावर बाटलीत एकसारखे बुडबुडे, गोडसर वासाचा पांढरा धूर, ही पुढची लक्षणं. पक्कं करायला निळ्या द्रवाची चाचणी असते. झाकणाच्या तोंडावर नळी धरून आतली हवा त्या द्रवातून ओढायची, जळका वायू असेल तर निळ्याचा पिवळा होतो. ऑइलच्या झाकणाखाली साय दिसली म्हणून मात्र लगेच रडू नका. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाड्यांत दमटपणामुळे ती धरते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी.

गळती सापडून दुरुस्त झाली की मग कूलंट बदला, आधी नाही. कूलंटच्या रंगावर जाऊ नका. रंग म्हणजे फक्त रंग आहे, एका कंपनीचा हिरवा आणि दुसरीचा हिरवा आतून वेगळे असू शकतात, आणि दोन जातींचे एकत्र झाले तर कधी कधी खळीसारखा गाळ बनतो. गाडीच्या पुस्तकात जी जात दिलीय ती घ्या. जुन्या पद्धतीचा साधारण दोन वर्षांनी बदलतात, लाँग लाइफ पाच वर्षांपर्यंत चालतो; तुमच्या गाडीचं पुस्तक काय सांगतं ते अंतिम.

इथे एक हिशेब बहुतेक जण चुकवतात. रेडिएटरच्या खालचा बोल्ट सोडला की सगळं बाहेर येत नाही, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बरंच राहतं. समजा यंत्रणा पाच लिटरची आहे. तुम्ही डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवून काढलंत, तरी दीड-दोन लिटर पाणी आत उरलेलं असतं. आता वरून तयार मिश्रण ओतलं तर ते आणखी पातळ होणार. म्हणून अशा वेळी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न घातलेला कूलंट घ्यायचा, पाचाच्या निम्मा म्हणजे अडीच लिटर आधी ओतायचा, आणि मग उरलेल्या जागेत डिस्टिल्ड पाणी. बाटलीवर 'रेडी मिक्स' लिहिलंय की 'कॉन्सन्ट्रेट' हे दुकानातच वाचा. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालणारे महाभाग मी रोज बघतो.

भरल्यावर हवा काढायची. गाडीचं तोंड चढाला ठेवा, हीटरचा खटका पूर्ण गरमवर, झाकण उघडं, आणि इंजिन गार असतानाच चालू करा. थोड्या वेळाने 'गुडुक' आवाज होऊन पातळी एकदम खाली जाईल आणि वरचा होज हाताला चटका देईल. थर्मोस्टॅट उघडला. वरून भरा, झाकण लावा, पंखा दोनदा लागून बंद होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पातळी बघा. पंखा किती अंशांना लागला आणि किती अंशांना बंद झाला ते मोबाइलवर दिसेलच. कागदावर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात तोच कागद तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगेल.

रेडिएटरची बाहेरची बाजू विसरू नका. आमच्या भागात ऊसाचा हंगाम संपला की एसीची जाळी आणि रेडिएटर ह्यांच्या मधल्या बोटभर फटीत पाचटाची कुसं, धूळ आणि मेलेले किडे ह्यांची गादी झालेली असते. समोरून सगळं चकाचक दिसतं. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, आणि नळाच्या दाबाने. वॉशिंग सेंटरच्या गनने जवळून मारलं की जाळीची पातळ पानं आडवी होतात, मग वारा जायला वाटच राहत नाही.

घाटात आकडा चढायला लागला तर एसी बंद करा, गिअर एक खाली घ्या. लोक चौथ्या गिअरला गाडी घुसमटवत नेतात. इंजिनाचे फेरे कमी म्हणजे वॉटर पंपही सावकाश. तरी चढतोय तर काचा उघडून हीटर पूर्ण गरम, पंखा पूर्ण जोरात. मे महिन्यात अंगाची लाही होईल, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे. लाल दिवा लागला, वाफ दिसली, तर थांबून इंजिन बंद. बोनेट उघडा, तासभर थांबा, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका.

तुम्ही आधी एवढंच करा. रविवारी सकाळी गाडी चालू न करता रेडिएटरचं झाकण उघडा, आत द्रव कुठपर्यंत आहे ते बघा, वरचा होज दाबून बघा, आणि कळवा. प्रेशर टेस्टला काटा पडला तर ओल कुठे दिसली तेही लिहा. तोवर कुंभार्ली चढू नका. चिपळूणला जायचंच असेल तर एसटी आहे.